दोन बोटे आणि नवी बोली

गेल्या दिवाळीत आमची कन्या पुण्याला आत्याकडे जाऊन आली, ती जराशी हिरमुसलेली. 'मी येऊन राहिले,' असे ती तेथे सहज बोलून गेली आणि भोवतीच्या भावंडांत खसखस पिकली. आम्ही तिची समजूत घातली नाही. उलट शुद्धलेखनाची वही तिच्या हाती दिली. मराठीत एम.ए. केलेल्या आणि दिवसभर सरकारी शाळेचा कारभार हिंदीतून पाहणाऱ्या इंदूरच्या मुख्याध्यापकाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती? तिने वही मुकाट्याने घेतली. पण त्या रात्री जेवताना ती फारशी बोलली नाही. घरातले मराठी सुधारायला निघालो आणि ते थोडे कमीच करून बसलो, हे आमच्या ध्यानी आले नाही.

आठ-दहा दिवसांनी तिच्या खोलीतून गिटारीचे सूर ऐकू आले. हे वाद्य ती गेली दोन वर्षे शिकत आहे. आम्ही दारात उभे राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हा वाजवणारा आहे ना, त्याच्या डाव्या हाताची दोनच बोटं धड होती." मग आम्ही बसलो, आणि वाचकहो, बसलो ते बसलोच. या महिन्याचे सदर त्या बैठकीचे फळ आहे.

या कलावंताचे नाव जँगो राइनहार्ट. जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधील लिबरशी या गावी. तोही घरात नव्हे, तर भटक्या रोमा लोकांच्या बिऱ्हाडगाडीत. त्याचे बालपण पॅरिसच्या वेशीवरील तांड्यांत गेले. शाळेचे तोंड त्याने जवळजवळ पाहिलेच नाही. लिहिण्यावाचण्याशी त्याचे सख्य कधी जमले नाही आणि स्वरलेखनाशी तर नाहीच. मुख्याध्यापकाच्या लेखणीला हे लिहिणे जड जाते, पण सत्य ते सत्य. १९२८ साली एका रात्री त्याच्या गाडीला आग लागली. पत्नीने विक्रीसाठी केलेली सेल्युलॉइडची फुले गाडीत भरलेली होती. ती क्षणात पेटली. अठरा वर्षांच्या या तरुणाचा पाय कापावा लागेल, असे डॉक्टर म्हणू लागले. पाय वाचला, परंतु डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून कायमची निकामी झाली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने उरलेल्या दोन बोटांनी गिटार नव्याने साधली. चार बोटांनी तारांवर आडवी फिरत घ्यायची धाव तो दोन बोटांनी दांडीच्या लांबीवर वरखाली धावत घेऊ लागला. आखडलेली बोटे स्वरमेळ धरण्यापुरती कशीबशी कामी येत. जे व्यंग होते, तेच त्याच्या वादनाचे वळण झाले.

१९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याने पॅरिसमध्ये 'हॉट क्लब'चा पंचवाद्यमेळ उभा केला. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास. त्यात ड्रम नाही, पियानो नाही, तुतारीच्या जातीचे वाद्य नाही. जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची देणगी. तिला युरोपच्या तारवाद्यांनी दिलेला हा पहिला स्वतंत्र स्वर. जँगोची कीर्ती पुढे जगभर राहिली ती मुख्यतः या मेळावर. कोणताही शहाणा माणूस येथेच थांबला असता.

पण काळ थांबला नाही. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा हा मेळ लंडनमध्ये होता. ग्रापेली तेथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. युद्ध सरले आणि अमेरिकेहून चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी यांच्या तबकड्या पॅरिसला पोहोचू लागल्या. या नव्या संगीताचे नाव बीबॉप, थोडक्यात बॉप. नाचण्यासाठी वाजणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांच्या जागी चार-पाच वादकांचा लहान मेळ आला. आरंभी सारे मिळून एक वाकडीतिकडी चाल एकसुरात वाजवतात; मग प्रत्येक जण त्या चालीच्या स्वरमेळांवर आपापला विस्तार करतो; शेवटी पुन्हा तीच चाल. ख्यालाच्या श्रोत्याने मुखडा आणि विस्तार आठवावा, म्हणजे मार्ग सापडेल. येथे स्वरमेळ मात्र भराभर बदलतात, लय अनेकदा श्वास लागण्याइतकी द्रुत असते, आणि ड्रमवाला नुसता ठेका न धरता मधूनमधून संभाषणात तोंड घालतो.

या नव्या बोलीवरून फ्रान्समध्ये अक्षरशः घरे फुटली. 'हॉट क्लब' ही जॅझप्रेमींची संस्था. तिचा एक धुरीण ह्यूग पनासिए बॉपला जॅझ मानायलाच तयार नव्हता. दुसरा, शार्ल दलोने, त्याचा पुरस्कर्ता. १९४७ साली संस्था दुभंगली. आणि जँगो? जुन्या श्रोत्यांना व्हायोलिनच्या साथीचा तोच पूर्वीचा जँगो हवा होता. नव्या पिढीच्या लेखी तो गतकाळातील थोर पुरुष, म्हणजे नमस्कार करून बाजूला ठेवायचा माणूस. १९४६च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर अमेरिकेचा दौरा करून तो आला होता आणि विजेवरची गिटार हाताळू लागला होता. तरी अधूनमधून तो वाद्य बाजूला ठेवी, चित्रे रंगवी, मासे धरी. १९५१ साली तो पॅरिसबाहेर सेन नदीकाठच्या साम्वा गावी राहायला गेला. आता हा निवृत्त झाला, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी तो पॅरिसच्या 'क्लब सँ-जेर्मँ'च्या मंचावर दिसू लागला. भोवती सगळी विशी-पंचविशीतील मुले: अल्टो सॅक्सोफोनवर ह्यूबेर फोल, पियानोवर त्याचा भाऊ रेमाँ, बासवर पिएर मिशलो. ही मुले बॉपवरच वाढलेली. त्यांची ती मातृभाषाच म्हणा ना. एकेचाळीस वर्षांच्या या माणसाने ती प्रौढपणी शिकलेली. १९५१ ते १९५३ या काळातील त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकता येतात. वाचकांनी जरूर ऐकाव्यात आणि एका गोष्टीकडे कान द्यावा: जँगो त्या मुलांसारखे वाजवत नाही. त्यांचे स्वरमेळ त्याला कळतात, त्यांच्या लयीत तो सहज वावरतो. पण वाक्याचा शेवट, स्वराला दिलेला कंप, मधेच झडणारा स्वरमेळांचा सडा हे सारे तांड्यावरचेच राहते. भाषा नवी, हेल जुना.

आम्हांला सर्वांत भिडली ती १० मार्च १९५३ची बैठक. जँगो, मोरिस व्हांदेर पियानोवर, मिशलो बासवर, जाँ-लुई व्हियाल ड्रमवर, एवढे चौघेच. त्या दिवशी त्याने आपलीच जुनी चीज 'न्युआज', म्हणजे 'ढग', पुन्हा वाजवली. ती त्याने १९४० साली, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, क्लॅरिनेटच्या संगतीने प्रथम मुद्रित केली होती. युरोपभर रोमा लोकांचा संहार होत असलेल्या त्या वर्षांत ही चाल पॅरिसकरांच्या ओठी बसली. तेरा वर्षांनी तीच चाल विजेच्या गिटारीवर येते, तेव्हा स्वर लांबतात, मध्ये मोकळी जागा सुटते, आणि विस्तारात बॉपच्या वळणाची वाक्ये उतरतात. स्वतःच्या तारुण्याचे भाषांतर स्वतःच करणारा कलावंत आम्ही तरी प्रथमच ऐकला.

८ एप्रिल १९५३ला शेवटची बैठक झाली. पियानोवर अल्जीअर्सहून आलेला मार्शल सोलाल हा पंचवीस वर्षांचा तरुण होता. त्याची ती पहिलीच ध्वनिमुद्रण-बैठक. एकाचा अंत दुसऱ्याचा आरंभ झाला. १६ मे रोजी मेंदूतील रक्तस्रावाने जँगो गेला, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या देशाच्याच लिएज शहरातील गिटारवादक रने तोमा याने पुढे ही वाट चालवली. तो आरंभी जँगोचा भक्त होता. पुढे तो अमेरिकन जिमी रेनीच्या वळणाकडे झुकला आणि १९६० साली अमेरिकेत 'गिटार ग्रूव्ह' ही लघुमेळाची तबकडी करून आला. तिच्यातही लिएजचा माणूस लपत नाही.

हे सारे आपल्याला परके वाटू नये. ज्या १९५१ साली जँगो सँ-जेर्मँच्या क्लबात वाजवत होता, त्याच साली सी. रामचंद्रांचे संगीत असलेला 'अलबेला' आला, आणि त्यात गोव्याच्या हळदोण्याचा तुतारीवादक चिक चॉकलेट आपल्या मेळासह पडद्यावर दिसला. मराठी संगीतकार, गोमंतकीय वादक, अमेरिकन ताल आणि हिंदी गाणे. तेथेही कोणी कोणाचा हेल पुसला नव्हता.

आणखी एक नाते आहे, ते तर थेट भाषेचे. जँगोचे लोक स्वतःला 'मानुश' म्हणवतात. शब्द ओळखीचा वाटला ना? तो आपला माणूसच. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या बोलीत आजही पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान' म्हणतात. 'जँगो' या नावाचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगतात. आपल्या 'जागणे'चे मूळही तेच. हजार वर्षांच्या वाटेत इराण, ग्रीस, बाल्कन अशा किती देशांचे शब्द त्या बोलीत मिसळले! त्यांच्या एखाद्या मुख्याध्यापकाने प्रत्येक पिढीच्या हाती शुद्धलेखनाची वही दिली असती, तर मुले गप्प झाली असती आणि 'मानुश' हा शब्द आपल्यापर्यंत पोहोचला नसता.

आमची पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेली मराठी पुण्यासारखी कशी असेल? नवीन शिकावे, पन्नाशीतही शिकावे. पुण्याचे प्रमाण मराठी आमच्या कन्येने अवश्य शिकावे. जँगोनेही बॉपची अवघड व्याकरणे शिकलीच होती. परंतु नवे शिकण्याची किंमत म्हणून जुना हेल गहाण टाकावा, असा काही नियम नाही. हे सांगायला एका अक्षरशत्रू गिटारवादकाची गरज पडली, ही आमच्या पदवीची नामुष्कीच म्हणायची.

वही आम्ही परत मागितली नाही. तिच्यात कन्येने गिटारीचे स्वरमेळ उतरवायला सुरुवात केली आहे, असे दिसते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिने हाक मारली, "बाबा, जेवायला येऊन राहिलात ना?"

आम्ही क्षणभर थांबलो, आणि म्हणालो, "येऊन राहिलो."