पत्रातील आकडा आणि हाती येणारी रक्कम

आर्णीच्या बाजारात कापूस आणणारा शेतकरी केवळ पुकारलेल्या भावावर समाधान मानत नाही. वजन किती भरले, ओलाव्यापोटी किती कपात झाली, हमाली-तोलाई वजा जाता हाती काय उरले, याचा तो हिशेब करतो. त्याच घरातील मुलाला किंवा मुलीला पुण्याच्या कंपनीचे ऑफर लेटर आले, की मात्र वार्षिक आकडा वाचूनच पेढे वाटले जातात.

समजा, पत्रात ६,००,००० रुपये लिहिले आहेत. महिना ५०,००० मिळणार, असे घरचे धरून चालतात. वस्तुतः हा आकडा बहुधा ‘सीटीसी’चा, म्हणजे कंपनीला होणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. मूळ वेतन ३,००,००० असेल आणि भविष्यनिर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला जात असेल, तर कंपनीचा १२ टक्के वाटा, ३६,००० रुपये, याच आकड्यात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे १४,४०० रुपयेही त्यातच. नियमित नोकरीत ती साधारणतः सलग ५ वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. कामगिरीवर अवलंबून असलेले ६०,००० रुपये धरले, तर ते मिळतीलच याची शाश्वती नसते. शिवाय कर्मचाऱ्याचा स्वतःचा ३६,००० रुपयांचा वाटा आणि २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. दरमहा बँकेत जमा होतात सुमारे ३७,५०० रुपये.

निधीतील पैसा आपलाच असतो, तो वाया जात नाही. परंतु घरभाडे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्यातून भागत नाही. ५०,००० गृहीत धरून खर्च ठरवणाऱ्या कुटुंबाची ओढाताण पहिल्याच महिन्यात सुरू होते.

म्हणून होकार देण्यापूर्वी वेतनाचा तपशील लेखी मागावा. पुण्यातील राहण्या-जेवण्याचा खर्च व हप्ता मांडून, किती रकमेखाली नोकरी परवडणार नाही, हे घरी बसून ठरवावे. मग नम्रपणे, आपल्या कौशल्याचा दाखला देऊन विचारावे: निश्चित वेतन थोडे वाढवता येईल का? ते शक्य नसल्यास स्थलांतराचा खर्च किंवा सहा महिन्यांनी वेतनाचा फेरविचार मिळेल का? नोटीस कालावधी आणि बंधपत्राच्या अटीही वाचाव्यात. जे मान्य होईल ते सुधारित पत्रात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी उद्या त्या खुर्चीत असेलच असे नाही.

मात्र, पूर्वीचा पगार फुगवून सांगू नये, की हाती नसलेल्या दुसऱ्या नोकरीचा धाक दाखवू नये. वेतनचिठ्ठी मागितली, की असत्य तत्काळ उघडे पडते.

पैशाविषयी विचारणे म्हणजे लोभ, हा संकोच अनेक सुसंस्कृत घरांत आढळतो. परंतु मालाचा भाव विचारताना ज्या घराला लाज वाटत नाही, त्या घरातील मुलांनी स्वतःच्या श्रमाचे मोल विचारताना का लाजावे?