आज्ञावलीची मांडणी यंत्राकडे सोपवावी

संगणकाची आज्ञावली दोन वाचकांसाठी लिहिलेली असते. एक यंत्र आणि दुसरा माणूस. ओळ कोठे मोडली, किती जागा मोकळी सोडली, याचे सोयरसुतक बहुतेक संगणकभाषांत यंत्राला नसते; माणूस मात्र ओळींच्या ठेवणीवरूनच अर्थ लावीत जातो. एकाच मजकुरातून या दोघांस निरनिराळे अर्थ दिसू लागले म्हणजे काय ओढवते, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये जगापुढे आले.

अ‍ॅपल कंपनीच्या फोनांत व संगणकांत सुरक्षित संपर्काची पडताळणी करणारी आज्ञावली सी भाषेत लिहिलेली होती. तीत ‘गोटू फेल’ ही आज्ञा लागोपाठ दोन ओळींत पडली होती. पहिली ‘इफ’ या अटीच्या अधीन होती. दुसरीवर कोणतीच अट नव्हती. परंतु तीही पहिलीइतकीच आत सरकवून लिहिलेली असल्यामुळे वाचणाऱ्यास ती अटीखालचीच भासे. यंत्राने ती प्रत्येक वेळी पाळली, पुढची निर्णायक तपासणी ओलांडली आणि तोवर दोष आढळलेला नसल्याने ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा दिला. त्यामुळे वाटेत दबा धरून बसलेल्या लबाडास एखाद्या बँकेच्या संगणकाचे सोंग घेणे शक्य झाले. २१ फेब्रुवारी रोजी फोनांसाठी दुरुस्ती प्रसृत झाली. मांडणी करणारे एखादे साधन त्या मजकुरावरून फिरले असते, तर ती दुसरी ओळ समासाकडे ओढली गेली असती. चूक सुधारली नसती हे खरे. पण ती डोळ्यांत भरली असती.

हे साधन चालते कसे? ते मजकूर वाचून त्याची व्याकरणदृष्ट्या फोड करते, लेखकाची मूळ ठेवण जवळजवळ विसरून जाते आणि त्या रचनेवरून सर्व ओळी नव्याने लिहून काढते. २००९ मध्ये गूगलने गो ही भाषा प्रकट केली, तेव्हा तिच्यासोबत ‘गोफम्ट’ नावाचे असे साधन दिले व शैलीच्या निवडीला त्यात फारसा वाव ठेवला नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पायथॉन भाषेत मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. म्हणून २०१८ मध्ये आलेले ‘ब्लॅक’ हे साधन मांडणीपूर्वीची व नंतरची व्याकरणरचना ताडून पाहते.

यावर कसलेले आज्ञावलीकार म्हणतात की, आमच्या हस्ताक्षरावर ही जबरदस्ती कशासाठी? त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असे नव्हे. अंकांचा तक्ता कोणी हाताने स्तंभ जुळवून लिहिला असेल, तर साधन तो निर्दयपणे विसकटते. अशा जागी त्याला थांबविण्याची खूण बहुतेक साधनांत असते आणि ती निःसंकोच वापरावी. बाकीच्या आवडीनिवडींसाठी मात्र, टॅब वापरावा की मोकळ्या जागा सोडाव्या असल्या वादांत, शहाण्या माणसांनी दुपार घालविलेली पाहून कीव येते.

साधन नुसते हाताशी असून भागत नाही, कारण घाईत माणूस ते चालविण्यास विसरतो. म्हणून आज्ञावलीची बांधणी जेथे आपोआप होते, तेथेच ही तपासणी बसवावयास हवी. पण बांधणीने मजकूर परस्पर बदलू नये. मांडणी चुकली असेल तर काम नाकारावे, एवढेच. परस्पर बदल केल्यास सहकाऱ्यांनी तपासलेला मजकूर एक आणि बांधला गेलेला दुसरा, अशी गत होते. साधनाची आवृत्तीही सर्वांनी एकच ठेवावी. अन्यथा एकाच्या संगणकावर शुद्ध ठरलेली ओळ बांधणीत अशुद्ध ठरते आणि दोष मात्र माणसाच्या माथी येतो.

जुन्या आज्ञावलीस हा नियम लावताना एकदाच हजारो ओळी हलतात आणि कोणती ओळ कोणी, का लिहिली, हा इतिहास त्या बदलाखाली झाकला जातो. हे नुकसान लहान नव्हे. यासाठी मांडणीचा बदल अन्य कोणत्याही बदलाशी न मिसळता स्वतंत्र नोंदवावा. ‘गिट’ या नोंदप्रणालीत ऑगस्ट २०१९ पासून अशा नोंदींची यादी देता येते. मग ओळीचा कर्ता शोधताना ती त्या नोंदी ओलांडून मागे जाते.