विश्लेषण : क्रूझवरचा खर्च भागवायचा कसा? कार्ड, रोख की यूपीआय?

हर्णे बंदरावर लिलावातली सुरमई घ्या किंवा सुवर्णदुर्गाला जाणाऱ्या होडीचे भाडे द्या, व्यवहार तिथल्या तिथे मिटतो. आगबोटींच्या काळात याच बंदरातून मुंबईला जाणाऱ्यांचा हिशेबही तिकिटापाशीच संपत असे. आता याच किनाऱ्यासमोरच्या समुद्रातून मुंबई-गोवा क्रूझ जाते. ‘क्रूझ भारत मिशन’ सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, तर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. पहिल्यांदाच क्रूझवर जाणाऱ्यांना तिकिटाची किंमत ठाऊक असते. चकवते ते जहाजावरचे बिल.

पैसे नेमके केव्हा जातात?

बहुतेक क्रूझवर दुकानात किंवा बारमध्ये थेट पैसे घेत नाहीत. केबिनचे कार्ड दाखवले की रक्कम तुमच्या खात्यावर चढते. वाण्याच्या वहीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की हा वाणी चढतानाच हमी मागतो. क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड किंवा रोख अनामत, यांतले एक द्यावे लागते. साधे जेवण पॅकेजमध्ये असते. मद्य, वायफाय, स्पा, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे.

यूपीआयवर विसंबता येईल का?

नाही. यूपीआयसाठी फोनला इंटरनेट लागते आणि किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. यूपीआय करता यावे म्हणून जहाजाचे महागडे वायफाय विकत घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. धक्क्यावर चढण्यापूर्वी यूपीआय घेत असले, तरी समुद्रात ते चालेल असे धरू नये. जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कला फोन आपोआप जोडला जाऊन रोमिंगचे मोठे बिल येऊ शकते, म्हणून फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवलेला बरा.

क्रेडिट आणि डेबिट कार्डात फरक काय?

हमी म्हणून जहाज कार्डावरची ठरावीक रक्कम अडवून ठेवते. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा कमी होते, पैसे खिशातच राहतात. डेबिट कार्डावर मात्र बचत खात्यातली खरी रक्कम अडकते. अंतिम बिल वळते झाल्यावरही अडवलेली रक्कम सुटायला काही दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच खात्यातून गृहकर्जाचा हप्ता जात असेल, तर सुट्टीहून परतल्यावर हप्ता चुकल्याचा निरोप हाती पडायचा. डेबिट कार्ड हा यांतला सर्वांत वाईट पर्याय आहे.

परदेशी क्रूझवर काय बदलते?

मुंबई-गोवा फेरीत हिशेब रुपयांत होतो. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर तो कंपनीनुसार अमेरिकी किंवा सिंगापूर डॉलरमध्ये असतो. त्यात सेवकवर्गाची बक्षिसी बहुधा रोज आपोआप लागते. माणशी रोजचे १८ डॉलर धरले, तर चौघांच्या चार रात्रींचे २८८ डॉलर होतात. डॉलर ९० रुपयांचा मानला तर हे २५,९२० रुपये, तेही एक कोल्ड्रिंकसुद्धा न घेता! त्यावर कार्डाचे विनिमय शुल्क ३.५ टक्के असेल, तर त्याचे ९०७ रुपये आणि या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे १,०७० रुपये.

‘रुपयांत बिल करू का?’ असे विचारले, तर नाही म्हणावे. तो दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांमुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतो. तो घरूनच, रेंजमध्ये असताना सुरू करून घ्यावा. फॉरेक्स कार्ड किनाऱ्यावर खरेदीला उत्तम, पण हमीसाठी ते प्रत्येक जहाज स्वीकारतेच असे नाही.

मग रोख अनामत का नको?

खर्चाला लगाम हवा असेल, विशेषतः मुले सोबत असतील, तर रोख अनामत चांगली. ती संपली की खाते थांबते, उरलेली रक्कम परत मिळते. अडचण येते ती आजारपणात. जहाजावरचा दवाखाना खासगी असतो आणि त्याचे बिलही याच खात्यावर चढते. आईवडिलांपैकी कुणाला रात्री सलाइन लावावे लागले, तर अनामत पुरणार नाही. प्रवास विमा असला तरी अनेकदा आधी पैसे भरावे लागतात, भरपाई नंतर मिळते. घरच्या मेडिक्लेमचे संरक्षण बहुधा भारताबाहेर लागू नसते.

म्हणून वडीलधारे सोबत असतील, तर पुरेशी मर्यादा शिल्लक असलेले क्रेडिट कार्ड हमीला ठेवावे आणि मुलांच्या केबिन कार्डावरची खरेदी बंद करून घ्यावी. रोख देण्याची इच्छा असेल, तर बहुतेक जहाजांवर मदत कक्षात रोख भरून बिल कमी करता येते. हे शेवटच्या रात्रीच्या जेवणापूर्वी उरकावे, कारण उतरण्याच्या सकाळी तिथे रांग असते. न घेतलेल्या पेयाची नोंद बिलात आढळली, तर ती जहाजावरच काढून घ्यावी. घरी आल्यावर तीच तक्रार ईमेलवर आठवडेच्या आठवडे चालते.