बडखलचा धडा

फरीदाबाद शहरालगत अरवलीच्या कुशीत बडखल नावाचे सरोवर आहे. १९४७ मध्ये बांध घालून ते निर्माण झाले. अनेक दशके दिल्लीकरांचे ते आवडते सहलीचे ठिकाण होते. या शतकाच्या आरंभी मात्र ते कोरडे पडले. परिसरातील खाणींनी डोंगरावरून येणारे ओहळ तोडले आणि कूपनलिकांनी जमिनीच्या पोटातले पाणी ओढून घेतले. आता प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून हे सरोवर पुन्हा भरण्याचा प्रकल्प ‘स्मार्ट सिटी’ योजनेतून हाती घेण्यात आला. प्रयत्न स्तुत्य आहे. पण निसर्ग जे काम विनामूल्य करीत होता, त्यासाठी आता यंत्र आणि वीज लागते, हेही विसरता कामा नये.

२०१६ मध्ये फरीदाबादची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. केंद्रीय भूजल मंडळाच्या अलीकडच्या मूल्यांकनांत येथील भूजल ‘अतिशोषित’ ठरले आहे. म्हणजे दरवर्षी जितके पाणी मुरते, त्याहून अधिक उपसले जाते. यमुनाकाठच्या रॅनी विहिरी आणि शेकडो कूपनलिका यांवर शहराची तहान भागते. ओखल्याहून निघणारा, १८७४ मध्ये सुरू झालेला आग्रा कालवा शहराजवळून वाहतो. पण दिल्लीच्या सांडपाण्यामुळे तो पिण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला आहे.

अशा शहरात संवेदक, दूरस्थ जलमापक, नियंत्रण कक्ष यांचा उपयोग निर्विवाद आहे. वाहिनीतील प्रवाह आणि दाब सतत नोंदवला, तर रात्री दोन ते चारच्या सुमारास, वापर जवळजवळ थांबलेला असताना, एखाद्या विभागात किती पाणी शिरते त्यावरून गळतीचा अंदाज बांधता येतो. महसूल न देणारे पाणी २० टक्क्यांच्या आत असावे, असा केंद्र सरकारचा मापदंड आहे. बहुतेक शहरे त्यापासून दूर आहेत.

मात्र येथेच एक अडचण आहे, जी सादरीकरणांत क्वचितच दिसते. पाणी दिवसातून एक-दोन तासच येत असेल, तर रात्री वाहिन्या रिकाम्या असतात आणि गळती शोधण्याची ही पद्धत लागूच पडत नाही. पाणी येण्याआधी वाहिनीतील हवा मापकाचे चक्र फिरवते आणि ग्राहक हवेचे पैसे भरतो. त्यामुळे आधी निदान एका विभागात अखंड, दाबयुक्त पुरवठा आणि मग बुद्धिमान मापक, हाच क्रम योग्य. सेवेत असताना मी अनेक आढावा बैठकांना बसलो. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे झळकत, परंतु आकडा बिघडला की कोणी, किती तासांत, काय करायचे याचे उत्तर बहुधा कोणाकडेही नसे.

महाराष्ट्राने याचे उत्तर दोन ठिकाणी दिले आहे. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणीपुरवठा केला, प्रत्येक जोडणीला मापक बसवला आणि जास्त वापरणाऱ्याला जास्त दर लावला. हिवरे बाजारात तर साधे पर्जन्यमापकच पुरले. पावसाची नोंद पाहून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यायची हे ठरवते. तेथे यंत्र साधे आहे, पण नोंदीनंतर निर्णय घेणारी सभा आहे. मोठ्या शहरांत नेमका हाच दुवा गळालेला असतो.

२०१९ मध्ये आरंभलेल्या अटल भूजल योजनेत हरयाणा व महाराष्ट्र दोन्ही राज्ये आहेत. लोकसहभागातून जलअंदाजपत्रक हा तिचा गाभा आहे. त्याच तत्त्वाचा शहरी अवतार फरीदाबादला हवा. खासगी कूपनलिका आणि टँकर यांचा उपसा मोजला गेलाच पाहिजे. कारण जे मोजलेच जात नाही त्याची चोरी ही चोरी ठरत नाही. प्रभागनिहाय पुरवठा आणि भूजलपातळी दर महिन्याला नागरिकांपुढे ठेवावी. महानगर विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्या हद्दीवर जबाबदारी हरवू नये, म्हणून उत्तरदायी अधिकारी एकच असावा. आणि अरवलीचे पुनर्भरण क्षेत्र बांधकामापासून मुक्त राहावे. ते काम कोणताही संवेदक करू शकत नाही.

याच डोंगरात दहाव्या शतकातले सूरजकुंड आजही उभे आहे. पाऊस कोठे पडतो, कोठून वाहतो आणि कोठे अडवायचा, हे त्याच्या कर्त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे तेच ज्ञान आता अधिक अचूक आकड्यांत उपलब्ध आहे. कमतरता आहे ती आकडा पाहून उपसा थांबवण्याच्या धैर्याची. ते दाखवले नाही, तर बडखल भरेल आणि शहर कोरडेच राहील.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)