एकतीस गाड्या, तीनशे दहा अश्वशक्ती

नशिराबादच्या टोलनाक्यापाशी तासभर उभे राहिले, तरी खानदेशाचे बरेचसे अर्थशास्त्र डोळ्यांसमोरून सरकत जाते. मुंबईकडे निघालेले केळीचे ट्रक, सिमेंटची अवजड वाहने, हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॉल्या, रात्री नागपूर-सुरत मार्गावरच्या बसगाड्या. घाई सगळ्यांनाच असते. पण केळीच्या ट्रकला अधिक, कारण घडावर चढणारा पिवळा रंग कोणाची वाट पाहत नाही. या रांगेत कधीकाळी एखादी बसकी, रुंद, भडक रंगाची स्पोर्ट्‌स कार येऊन थांबली, म्हणजे आजूबाजूला ठरलेले प्रश्न उमटतात. पहिला प्रश्न, कितीला पडली? दुसरा, किती पळते? आणि वाहनांच्या जगाची थोडी अधिक माहिती असलेला कोणी तरुण तिसरा प्रश्न विचारतो : अशा किती आहेत?

या तिसऱ्या प्रश्नाविषयी आम्हाला लिहायचे आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गाडीत असतात. तिसऱ्याचे उत्तर गाडीत नसते, गाडीच्या बाहेर असते; आणि तरीही आजकाल गाडीचे मोल सर्वांत अधिक त्याच उत्तरावर ठरते.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी अवंती’चे. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहनमेळ्यात ती प्रथम दिसली, तेव्हा भारतीय बनावटीची पहिली सुपरकार म्हणून तिचे स्वागत झाले. आसनांच्या मागे बसवलेले रेनॉ कंपनीचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २५० अश्वशक्ती, मागच्या चाकांना जाणारी ओढ आणि सुमारे पस्तीस लाखांची किंमत. रस्त्यावर यायला तिला आणखी काही वर्षे लागली. पुढे तिचीच एक विशेष आवृत्ती जाहीर झाली : ‘अवंती ३१०’. इंजिन तेच, पण ३१० अश्वशक्ती देईल असे लावलेले. आणि एकूण गाड्या फक्त ३१. एकतीस आणि तीनशे दहा! हा आकडा कारखान्याच्या क्षमतेतून आला की जाहिरातीच्या कागदावर यमक जुळावे तसा जुळवला गेला, असा प्रश्न आम्हाला तेव्हाही पडला होता. तो अजून सुटलेला नाही.

अवंतीवर त्या काळी एक टीका हमखास होई : इंजिन उसने आहे, मग गाडी भारतीय कशी? ही टीका आम्हाला कधीच पटली नाही. लहान कारखानदार इंजिन उसनेच घेतो. इटलीतला पागानी आपल्या कोट्यवधींच्या गाड्यांत मर्सिडीजचे इंजिन बसवतो, इंग्लंडच्या लोटसने टोयोटाचे वापरले. आपल्याकडेही अवंतीच्या आधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, फायबरच्या अंगाची छोटी गाडी तयार झाली. तिच्यातही रेनॉचेच इंजिन होते, ११४९ घनसेंटिमीटरचे आणि अवघ्या ६० अश्वशक्तीचे. गंमत अशी की साध्या अवंतीहून ‘३१०’मध्ये जी शक्ती वाढवली, ती नेमकी तेवढीच. एका भारतीय स्पोर्ट्‌स कारची सगळी मिळकत दुसरीच्या वरखर्चात गेली, म्हणा ना.

तेव्हा उसनवारी हा दोष नव्हे. दोष शोधायचा तर त्या ३१ या आकड्यात शोधायला हवा.

मर्यादित आवृत्ती ही कल्पना मुळात कोठून आली, ते पाहण्यासारखे आहे. शर्यतींच्या नियमांतून ती आली. स्पर्धेत रस्त्यावरच्या गाड्यांचा वर्ग असे आणि त्यात उतरायचे तर ती गाडी खरोखरच विक्रीसाठी बनली आहे हे दाखवावे लागे. म्हणून नियम सांगत असे : किमान इतक्या गाड्या बनवा. पोर्शेची १९७३ ची ‘९११ कॅरेरा आरएस’ हे याचे नमुनेदार उदाहरण. तिला शर्यतीत उतरवायला किमान ५०० गाड्या बांधणे भाग होते. इंजिन २.७ लिटरपर्यंत वाढवले, पत्रा पातळ केला, काचा पातळ केल्या, मागे बदकाच्या शेपटीसारखा पंख बसवला, कारण वेगात गाडीचा मागचा भाग उचलला जात होता. इतक्या रुक्ष गाडीला ५०० गिऱ्हाइके मिळतील का, ही कंपनीच्याच विक्रेत्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात १५८० गाड्या खपल्या. फेरारीची गोष्ट याच्या उलट. ‘२५० जीटीओ’साठी १०० गाड्यांची अट होती, ही नवी गाडी नसून जुन्याच गाडीची सुधारित आवृत्ती आहे, असा युक्तिवाद करून १९६२ ते १९६४ या काळात ३६ गाड्यांवरच काम भागवले गेले. आज त्या ३६ गाड्या जगातल्या सर्वांत महाग मोटारींत मोजल्या जातात.

म्हणजे मूळ आकडा हा तळ होता, छत नव्हते. ‘याहून कमी चालणार नाही’ असे तो बजावत होता. जाहिरातदारांनी त्याला उलटे टांगले आणि ‘याहून अधिक मिळणार नाही’ असे वाचायला सुरुवात केली. पोर्शेच्या आकड्यामागे शर्यत उभी होती. पातळ काच, हलका पत्रा, ती शेपटी, सगळ्याला त्या शर्यतीत जागा होती. अवंती ३१० च्या आकड्यामागे कोणतीही शर्यत नव्हती.

साहित्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. साठीच्या दशकातली ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी लघुनियतकालिके मोजक्याच लोकांपर्यंत जात. हाताशी पैसा नव्हता आणि हवे ते छापायचे होते, यातून ती संख्या आली. आज त्यांचे जुने अंक संग्राहकांच्या कपाटात जपून ठेवलेले असतात, पण कोणीही संपादक ‘मला दुर्मीळ व्हायचे आहे’ असे ठरवून कामाला लागला नव्हता. हल्ली स्वाक्षरीच्या क्रमांकित प्रती आधी जाहीर होतात आणि मजकूर मागून येतो. तेथेही आमचा आक्षेप हाच आहे.

आता ‘लावणे’ या क्रियेकडे वळू. इंग्रजीत ज्याला ट्यूनिंग म्हणतात त्याला आपल्याकडे उत्तम शब्द आहे : आपण तंबोरा लावतो. चार तारा एकमेकींशी जुळवून घेणे, एकच तार वाजवीपेक्षा ताणणे नव्हे. टर्बो इंजिनातून अधिक शक्ती काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग मात्र ताणण्याचाच असतो. संगणकीय नियंत्रकातली आकडेवारी बदलून टर्बोचा दाब वाढवायचा, इंधन वाढवायचे, ठिणगीची वेळ थोडी पुढे आणायची. हे तासाभराचे काम. खरे काम पुढे असते. वाढलेल्या दाबाने हवा तापते, ती थंड करणारा इंटरकूलर मोठा हवा. क्लच, गिअर, ब्रेक, टायर यांनी वाढीव ओढ पेलायला हवी. तेल आणि पाणी दोन्ही उन्हाळ्यात टिकायला हवे.

उन्हाळ्याचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. अश्वशक्तीचे आकडे प्रयोगशाळेत साधारण २५ अंश तापमान धरून दिले जातात. जळगाव जिल्ह्यातला मे महिना ४५ अंशांच्या घरात असतो. एवढ्या फरकाने हवा सुमारे सहा टक्के विरळ होते. टर्बो त्याची काही भरपाई करतो, पण भरपाई करताना हवा आणखी तापवतो. सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका दिसला की नियंत्रक आपणहून ठिणगी मागे ओढतो आणि शक्ती कमी करतो. म्हणून कागदावरची ३१० अश्वशक्ती वैशाखातल्या दुपारी नशिराबादच्या रस्त्यावर ३१० राहीलच असे नाही. खानदेशासाठी गाडी लावणे म्हणजे काय, याचा विचार करणारी मर्यादित आवृत्ती अजून तरी कोणी काढलेली नाही. काढली तर तिच्या जाहिरातीत शक्तीच्या आकड्याआधी रेडिएटरचे माप छापावे लागेल, आणि आम्ही ती जाहिरात कापून ठेवू.

शक्तीला तयारी लागते हे आमच्या भागाला नवे नाही. शंकरपटाचा बैल वर्षभर खुराकावर आणि सरावावर तयार होतो आणि पट काही क्षणांत संपतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात शर्यतीचे बैल पोसणाऱ्यांनी काय सोसले तो वेगळ्या लेखाचा विषय. त्या जोडीची दुसरी प्रत निघत नाही, आणि तरी तिच्या गळ्यात कोणी ‘एकतीसपैकी सातवी’ अशी पाटी अडकवत नाही.

असो. अवंतीची पुढची कथा खेदजनक आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. त्याच गाड्यांच्या एकाहून अधिक नोंदण्या आणि त्यांवर काढलेली कर्जे, असे आरोपांचे स्वरूप होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि येथे कोणाला दोषी ठरवण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु जिची एक आवृत्तीच मोजक्या संख्येच्या बळावर विकायला काढली होती, त्या गाडीच्या बाबतीत नोंदींच्या संख्येवरूनच वाद उभा राहावा, हे आमच्या मनातून जात नाही.

याच दशकात दुसरे एक उदाहरण घडले आणि त्याकडे आपल्या लिहित्या मंडळींनी जवळजवळ लक्षच दिले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये टाटा मोटर्सने ‘टियागो जेटीपी’ आणि ‘टिगोर जेटीपी’ या गाड्या आणल्या. जेटीपी म्हणजे जयेम-टाटा परफॉर्मन्स. शर्यतीच्या गाड्या तयार करण्याचा अनुभव असलेल्या कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्ज या संस्थेशी टाटांनी केलेली भागीदारी. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, ११४ अश्वशक्ती, घट्ट केलेले सस्पेन्शन, रुंद टायर, जवळ आणलेले गिअर आणि शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर दहा सेकंदांच्या आत. टियागोची किंमत ६ लाख ३९ हजार. शाळामास्तरांनी कर्ज काढून घ्यावी अशी गाडी, पण लावलेली. २०२० मध्ये भागीदारी संपली आणि गाड्याही थांबल्या. त्यांची संख्या मर्यादित राहिली ती गिऱ्हाईक पुरेसे न मिळाल्यामुळे. आम्हाला ही मर्यादा अधिक प्रामाणिक वाटते, आणि तिचे दुःखही अधिक वाटते.

दुःख अशासाठी की तो एक रस्ता होता. आपल्याकडे यंत्राचे कान ओळखणारे मिस्त्री गावोगावी आहेत. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला गॅरेजवाल्याला मोकळीक नाही. कंपनीने तोच फेरफार केला, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेतला, की ती विशेष आवृत्ती होते. कायद्याचे आम्ही समर्थनच करू. महामार्गालगत राहणाऱ्या माणसाला दुसरे काही सुचणे कठीण आहे. वेग वाढवलेली आणि ब्रेक तेच ठेवलेली गाडी काय करते, हे पाहायला आम्हाला दूर जावे लागत नाही. मात्र हौशी कसबाला अधिकृत कारखान्यापर्यंत नेणारी वाट तरी असावी. जेटीपी ही तशी वाट होऊ शकली असती. आपण ‘सहा लाखांच्या गाडीत एवढे काय?’ म्हणून मान वळवली आणि एकतीसच्या आकड्याकडे पाहत राहिलो.

तिसरे उदाहरण आमच्या सातपुड्याच्या पलीकडचे. महिंद्र समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाने ‘बॅटिस्टा’ ही विजेवरची गाडी १५० च्या मर्यादेत जाहीर केली : सुमारे १९०० अश्वशक्ती, पैसा मुंबईचा, हात इटलीचे, विद्युत यंत्रणा क्रोएशियाच्या रिमाकची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही गाडी मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या चाचणी-मार्गावर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे धावली. वेगाला त्याची स्वतःची जागा दिली, ही गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. नशिराबादेहून धुळे, तेथून आग्रा रस्त्याने शिरपूर, पळासनेर, सेंधवा करीत नर्मदा ओलांडली की पीथमपूर फार लांब नाही. केळीचा ट्रक रात्रभरात पोचेल.

एवढे असूनही या तिघींपैकी कोणती गाडी आमच्या नाक्यावर येऊन थांबलेली पाहायला आवडेल, असे कोणी विचारले तर आम्ही टियागोचे नाव घेऊ. ती रांगेत उभी राहील, कोणी भोवती जमणार नाही, आणि दांडा वर गेला की पुढच्या ट्रकवाल्याला क्षणभर आरशात पाहावे लागेल.