कामगारांचा 'दीन'

१ मे जवळ आला की कार्यकर्त्यांच्या मोबाइलवरून शुभेच्छांचा पूर लोटतो आणि त्यांपैकी कित्येकांत 'कामगार दीन' चिरायू होतो. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे लाचार. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले, त्यांच्या स्मरणाच्या दिवशीच आपण एका वेलांटीने कामगाराला पुन्हा लाचार ठरवितो. हे हसून सोडून द्यावे, असे अनेक साथींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

साथींचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. शुद्धलेखन हे मूठभर शिकलेल्यांनी बहुजनांच्या जिभेला घातलेले टाळे आहे, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. कन्नड-वैजापूरकडील शेतकऱ्याच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हिणविणे हा उद्दामपणाच होय. 'शुद्ध' या शब्दालाच सोवळ्याचा वास येतो. पण बोली निराळी आणि जाहीर मजकुरातील चूक निराळी. लेखनाचे नियम काही वेदवाक्य नव्हेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हा माणसांनी केलेला करार आहे. तो बदलून मागता येतो. (ऱ्हस्वदीर्घाचे काही नियम सोपे व्हावेत, असे आमचेही मत आहे.) मात्र करार मोडल्याची किंमत कोण भरतो, हे पाहिले पाहिजे.

ती गरीबच भरतो. देवगाव रंगारीसारख्या गावात पुष्कळ शेतकरी ऑनलाइन अर्ज स्वतः भरीत नाहीत. सेवा केंद्रातला चालक तो भरतो, आणि मागे रांग असते. आधारवर 'काशिनाथ' आणि संगणकीय सातबाऱ्यावर 'काशीनाथ' असला, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होऊ शकतात. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करून घेता येतो खरा. पण कन्नडच्या तहसील कचेरीच्या खेपा आणि बुडालेली मजुरी शेतकऱ्याचीच. मोठा बागायतदार वकील धाडतो.

अक्षराचे मोल याहून मोठ्या प्रमाणावरही दिसले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील 'धनगड' म्हणजे 'धनगर'च, असे सांगत एक अख्खा समाज वर्षानुवर्षे झगडला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो दावा फेटाळला. न्याय कोणत्या बाजूस होता, हा येथे वादाचा मुद्दा नाही. 'र' की 'ड', या प्रश्नाभोवती लक्षावधींच्या आशा घोटाळत राहिल्या, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

पूर्वी साप्ताहिकाचा मजकूर खिळे जुळविणारा, मुद्रितशोधक आणि संपादक अशा तिघांच्या नजरेखालून जाई. चूक राहिलीच तर पुढील अंकात शुद्धिपत्र देता येई आणि ते बहुतांशी त्याच वाचकांच्या हाती पडे. आज लिहिणारा, तपासणारा आणि छापणारा एकच अंगठा असतो. संदेश मागे घेतला, तरी दुसऱ्यांनी साठवून पुढे धाडलेल्या प्रती फिरतच राहतात. विरोधकाला मग मागणीचे उत्तर द्यावे लागत नाही. आपल्या पत्रकातील चुकीचे छायाचित्र फिरविले की त्याचे काम भागते. शिवाय मोबाइलची कळफलके आपल्या परीने शब्द सुचवितात. 'आचाऱ्यास' लिहावयास जावे तो 'आचार्यास' उमटते, आणि स्वयंपाक्याची थकलेली मजुरी गुरुजींच्या नावे मागितली जाते!

शाखांनी यासाठी व्याकरणाचे वर्ग भरविण्याची गरज नाही. तालुका कार्यालयात मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण आणि अरुण फडके यांचा लेखनकोश असावा. मजकूर ज्याने लिहिला नाही अशा साथीने तो मोठ्याने वाचावा. डोळा चूक ओलांडून जातो, जीभ बहुधा अडखळते. ऱ्हस्वदीर्घ मात्र कानाला कळत नाही, तेथे कोशच उघडावा. गावांची नावे, गट क्रमांक, रकमा मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. आणि निवेदन एखाद्या शेतकऱ्याच्या नावाने जात असेल, तर पाठविण्यापूर्वी त्याचे आधार आणि सातबारा शेजारी ठेवून त्याचे नाव त्याच्यासमक्ष अक्षर-अक्षर लावून घ्यावे.