राक्षस आजच हवा!

एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फासे टाकायचे, अशा खेळांचं मासिक वाचक कशासाठी घेतो? संपादकांना वाटतं, ज्ञानासाठी. साफ चूक! शनिवारी संध्याकाळी चार टोळभैरव घरी टपकणार असतात आणि गोष्ट रचणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोक्यात उंदराच्या बिळाएवढंही भुयार तयार नसतं, म्हणून! एक नकाशा, एक बरासा राक्षस आणि खजिन्यापाशी एक फसवं दार. बस्स!

'व्हाइट ड्वार्फ' हे ब्रिटिश मासिक १९७७ साली निघालं, तेव्हा त्याला हे कळत होतं. 'फीन्ड फॅक्टरी' या सदरात चक्क वाचकांनी धाडलेले राक्षस छापत. त्यांतले कितीतरी १९८१च्या 'फीन्ड फोलिओ' या पुस्तकात जाऊन बसले. पुढे ऐंशीचं दशक सरता सरता मासिक प्रकाशकाच्या स्वतःच्याच खेळांना नि बाहुल्यांना वाहिलं गेलं. धंदा म्हणून ठीक असेल हो. पण आमटीची कृती मागावी आणि हाती पातेल्यांची किंमतपत्रिका पडावी, त्यातली गत!

आमचे एक विद्वान स्नेही म्हणतात, "परीक्षणं हवीत, मुलाखती हव्यात." असू देत की! मीही वाचतो, गादीवर लोळत. पण मुलाखतीतून कधी राक्षस बाहेर आलाय?

ही बघा, बेल वाजली. जरा तो जुना गठ्ठा द्या इकडे.